जुळाऱ्यांचे हात

मला माफी मागायची सवय नाही. सव्वीस वर्षं मी एका शाळेत मुख्याध्यापिका होते. त्या खुर्चीसमोर लोक माफी मागायला उभे राहतात. खुर्चीतल्या माणसावर ती वेळ येत नाही, निदान माझ्यावर कधी आली नव्हती. म्हणून हे लिहिताना मध्येच माझी चिडचिड होईल. ती वाचणाऱ्यांनी मनाला लावून घेऊ नये. ती माझी माझ्यावरच आहे.

आमच्या गावात शिंपल्यांचं एक संग्रहालय आहे. ‘संग्रहालय’ म्हटल्यावर कुणी भलतंच काही डोळ्यांसमोर आणू नये. धक्क्याजवळच्या जुन्या जकात कचेरीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, एक मोरी, एक कुरकुरणारा जिना आणि नऊशे अडतीस शंख-शिंपले, एवढाच काय तो पसारा. जहाजावर नोकरी केलेल्या एका डॉक्टरांनी जन्मभर ते गोळा केले आणि जाताना गावाला दिले. गावाने ते घेतले खरे, पण त्यांचं करायचं काय हे न कळल्यामुळे आमच्या गळ्यात मारले.

आम्ही म्हणजे कार्यकारिणी, पाच बिनपगारी माणसं. अध्यक्ष होते कप्तान. कप्तान म्हणजे खाडीच्या या काठावरून त्या काठावर लाँच चालवून निवृत्त झालेले गृहस्थ. खोल समुद्र त्यांनी पाहिला असेल तर चित्रातच. खजिनदार होते औषधांचे दुकानदार, त्यांना सगळे केमिस्टसाहेब म्हणत. एक सभासद बाई फक्त फोटोच्या दिवशी उगवत. मी चिटणीस. आणि पाचवे जुळारी.

जुळारी म्हणजे छापखान्यात शिशाचे खिळे एकेक उचलून, एकापुढे एक लावून मजकुराच्या ओळी तयार करणारा माणूस. आता ते कामही गेलं आणि त्याबरोबर तो शब्दही गेला. आमचे जुळारी चाळीस वर्षं ते काम करत होते. छापखाना बंद झाला त्या दिवशी मालकांनी प्रत्येकाला एकेक घड्याळ दिलं. यांनी घड्याळ नको म्हणून सांगितलं आणि आपला खिळे उचलायचा चिमटा तेवढा मागून घेतला.

संग्रहालयात ते आले ते बघायला म्हणून. एका कपाटासमोर तासभर उभे राहिले. मला वाटलं, म्हाताऱ्याला वाऱ्याला बसायला जागा मिळाली. मग माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाले, “बाई, एकशे सात आणि एकशे सत्तरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झालीय.” बारा वर्षं त्या चिठ्ठ्या तशाच होत्या. मी आधी रागावले, मग पुस्तक उघडलं आणि मग त्यांना चहा पाजला. दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी दहाच्या ठोक्याला यायला लागले. पुढच्याच वर्षी आम्ही त्यांना कार्यकारिणीत घेतलं, कारण काम करणारा एक तरी माणूस आत असलेला बरा असतो.

ते आले की आधी मोरीत जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, पुसायचे आणि मग खिडकीत उभे राहून वाळवायचे. त्यानंतरच कपाट उघडायचे. एकेक शंख मऊ ब्रशने झटकायचा, खाली कापूस ठेवायचा, चिठ्ठी सरळ करायची. नखाएवढे शंख ते त्या चिमट्याने उचलायचे आणि त्यांच्या हातून एकही कधी सुटला नाही. चिठ्ठ्या त्यांनी सगळ्याच्या सगळ्या पुन्हा लिहून काढल्या, इतक्या सुबक की लोक विचारत, छापून कुठून आणल्या? शिंपल्यांची लांबलचक शास्त्रीय नावं त्यांना पाठ होती, पण बोलताना ते नंबरच वापरायचे. “आज तीनशे दोनचं तोंड जरा मळलंय,” असं घरातल्या पोराबद्दल बोलावं तसं बोलायचे.

त्यांची लाडकी होती दोनशे चौदा नंबरची कवडी. मुठीएवढी, अंगावर काळपट ठिपके आणि अशी गुळगुळीत की समोरच्या खिडकीचे गज तिच्यात मोजता यायचे. शाळेची सहल आली की ती तळहातावर घेऊन ते मुलांना विचारायचे, “सांगा बघू, खिडकीला गज किती?” मुलं खिडकीकडे न बघता कवडीत बघून मोजायची. मला हा पोरखेळ वाटे. तसं मी एकदा म्हणालेही.

बैठकीत त्यांचं तोंड फारसं उघडत नसे. बोलायचं असलं तर एक बोट टेबलापासून इंचभर वर उचलायचे. आपण बघितलं तर ठीक, नाही तर बोट पुन्हा खाली. आणखी एक गोष्ट इथे सांगून ठेवते. जुळारी लोकांना अक्षरं उलटी वाचायची सवय असते. ते नेहमी माझ्यासमोर बसत आणि मी वहीत बैठकीचं इतिवृत्त लिहीत असताना ते उलट्या बाजूने वाचत. मला ते माहीत होतं. त्याचं मला कौतुकही होतं.

आता कपाटांबद्दल.

जुनी कपाटं पत्र्याची होती, जकात कचेरीतलीच. हिरवा रंग उडालेला, दारं किंचाळणारी. पाहुणे आले की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. नवी कपाटं करायची हे मी मनावर घेतलं. शाळेत सुतारकामाचा वर्ग मीच सुरू केला होता, त्यामुळे लाकडातलं मला सगळं कळतं अशी माझी ठाम समजूत होती. आराखडा मीच काढला. नवं कोरं लाकूड, मागे चिकटवलेल्या फळ्या, वर पॉलिश, पुढे काचेची दारं आणि धुळीचा कणसुद्धा आत जाऊ नये म्हणून दारांना चारी बाजूंनी रबराची पट्टी. त्या रबराच्या पट्टीचा मला विशेष अभिमान होता. बैठकीत आराखडा पसरला तेव्हा कप्तान म्हणाले, “बाई, तुम्ही इंजिनियर व्हायला हवं होतं.” मी फुशारले.

तेव्हा ते बोट वर झालं.

“बाई, एक म्हणायचं होतं. आमच्या छापखान्यात खिळे उघड्या घोड्यांवर, म्हणजे मांडण्यांवर, असायचे तोवर काही नव्हतं. मालकांनी नवं लाकडी कपाट केलं, बंद दाराचं. दोन वर्षांत खिळ्यांवर पांढरी भुकटी आली. शिसं खाऊन टाकलं हो तिनं. म्हणून आपलं वाटतं की पत्राच बरा. रंग देऊ फार तर.”

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. तेव्हा लिहून ठेवलं नाही, तरी आठवतं.

“जुळारी, हे संग्रहालय आहे, छापखाना नाही. शिशाचा आणि शिंपल्यांचा काय संबंध?”

कप्तान म्हणाले, “शिंपल्यांना काय पेपर काढायचाय का?” सगळे हसले. जुळारीही हसले. बोट खाली गेलं. मी वहीत लिहिलं, ‘सविस्तर चर्चेनंतर ठराव एकमताने मंजूर.’ ते समोरच बसले होते.

कपाटं आली. उद्घाटन झालं, फोटो निघाले, फोटोवाल्या सभासद बाईही आल्या. मी आठवडाभर हवेत होते.

दोन वर्षं होत आली असतील. एका सकाळी जुळारी माझ्या घरी आले, हातात रुमालाची पुरचुंडी. त्यांनी ती माझ्या टेबलावर अलगद उघडली. आत दोनशे चौदा होती. तिच्यावर पीठ सांडल्यासारखा पांढरा थर होता. बोटाने पुसला तर खाली खरखरीत, चकाकी पार गेलेली. खिडकी तर सोडाच, तिच्यात उजेडसुद्धा दिसत नव्हता. त्यांचा चेहरा मी तेव्हा नीट पाहिला नाही. मी कवडी नाकाशी नेली. व्हिनेगरचा वास आला.

“हिला काय लावलंत तुम्ही?” हा माझा पहिला प्रश्न. पहिला आणि एकुलता एक. माणूस आपण होऊन सांगायला आला होता, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

“काही नाही, बाई. कोरडा ब्रश.”

मी तशीच उठून संग्रहालयात गेले, जुळारी मागोमाग. कपाटाचं दार उघडलं तर आतून व्हिनेगरचा भपकारा. तिथे आणखी चाळीस-पन्नास शिंपल्यांवर तीच पांढरी भुकटी. मोरीत गेले, नळाखाली हात घातला तर व्हिनेगरची बाटली आणि फडकं. चोर सापडल्याचा आनंद मला झाला, हे कबूल करायला हवं. आनंदच होता तो.

“काचा पुसायला आहे ते,” जुळारी म्हणाले. “बाहेरून. काचेचे डाग त्यानं जातात.”

त्याच संध्याकाळी बैठक भरली. केमिस्टसाहेब दुकानातून कसलासा कागद घेऊन आले, ओला करून कपाटात धरला, तो लाल झाला. “आम्ल!” नवा ग्रह सापडल्यासारखे ते ओरडले. “व्हिनेगरच!” शिंपला म्हणजे एक प्रकारचा खडूच आणि खडूला व्हिनेगर खातं, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. मीच शिकवायची ते. सगळं कसं चोख जुळत होतं. जुळाऱ्यांनी एकदाच विचारलं, “पण वरच्या फळीवरच्यांना मी वर्षभर हात लावला नाही, त्यांनाही कसं धरलं?”

“तुमच्या हातांवरून गेलं असेल,” मी म्हणाले. “काचा पुसायच्या, त्याच हातानं कपाट उघडायचं, आतली फळी धरायची. दुसरं काय?”

त्यांनी दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले आणि बघत राहिले. चाळीस वर्षं शिसं हाताळून बोटांची टोकं जरा करडीच राहिली होती. “हातावरून होतं का असं?” त्यांनी केमिस्टसाहेबांना विचारलं.

“का नाही होणार?” केमिस्टसाहेब म्हणाले.

मग मी जुळाऱ्यांच्या नावाने पत्राचा मसुदा केला. माझ्या निष्काळजीपणामुळे संग्रहालयाचं नुकसान झालं, याचा मला खेद आहे, मी राजीनामा देत आहे, वगैरे. त्यांच्यासमोर सरकवलं. त्यांनी ते वाचलं, पेन मागितलं, एका ठिकाणी स्वल्पविराम राहिला होता तो घातला आणि खाली सही केली. खिशातून किल्ल्या काढल्या आणि पत्रावर ठेवल्या. चिमटा मात्र ते टेबलाच्या खणातच विसरले.

एवढ्यावर भागलं असतं. पण माझ्यातली मुख्याध्यापिका शिस्तीची पक्की. वार्षिक सभेत सत्तरेक माणसांसमोर मी ते पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, ‘पारदर्शक कारभार’ म्हणून. जुळारी दाराजवळ उभे होते. त्यांची बायको तिसऱ्या रांगेत बसली होती. वाचून मी चष्मा काढला आणि पुढचा विषय घेतला.

ते गेल्यावर भुकटी थांबायला हवी होती. थांबली नाही. उलट वाढली. आम्ही म्हणालो, आधीचं मुरलेलं आता बाहेर येतंय. सहा महिन्यांनी तेच म्हणालो, वर्षाने तेच. कपाटं आणखी घट्ट बंद ठेवायची असं मी फर्मान काढलं. माणसाने ठरवलं की डोळ्यांवर कातडं ओढून किती दिवस काढता येतात हे बघायचं असेल, तर आमच्या त्या दोन वर्षांच्या वह्या बघाव्यात.

मग एका मोठ्या शहरातल्या मोठ्या संग्रहालयातून एक बाई आल्या. तिथे जुन्या वस्तू टिकवायचं काम त्या करत. आमच्याकडचे तीन शंख त्यांना बघायचे होते. मी रुबाबात दार उघडलं. त्या वाकल्या आणि एकदम मागे सरल्या.

“ही कपाटं कधी केलीत?”

“चार वर्षं झाली,” मी म्हणाले. “माझाच आराखडा.”

त्यांनी रबराच्या पट्टीवरून बोट फिरवलं. बाई सभ्य होत्या, आवाज चढवला नाही. “लाकडातून आम्ल सुटतं. नव्या लाकडातून आणि चिकटवलेल्या फळ्यांतून जास्तच. कपाट उघडं असेल तर ते निघून जातं, बंद असेल तर आत कोंडतं. त्यात ही समुद्राची दमट हवा. वास थेट व्हिनेगरसारखा येतो, त्यामुळे लोक फसतात. शिंपल्यांचा हा जुना रोग आहे. शिशालाही होतो. बंद लाकडी कपाटात ठेवलेले छापखान्यातले खिळे असेच पांढरे पडलेले सापडतात.”

मी कपाटाचं दार लावलं.

“कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?” त्यांनी सहज विचारलं.

आणि मी म्हणाले, “नाही.”

कपाटांची चूक मी स्वतःला माफ करू शकेन, अज्ञान होतं. पत्राचीही एखाद्या दिवशी करीन. हा ‘नाही’ मात्र मी शुद्धीत, दिवसाढवळ्या, एका परक्या बाईच्या नजरेतून उतरू नये म्हणून म्हणाले. त्या गेल्यावर मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. आरशात बघवेना.

लगेच जाऊन जुळाऱ्यांना सांगितलं का? नाही. आधी शिंपले बाहेर काढायचे, त्यांना प्लास्टिकच्या पेट्या आणायच्या, कपाटं हलवायची, अशी कामं मी स्वतःला लावून घेतली. मूग गिळून बसायला कामासारखी सोय नाही. बैठकीत विषय निघाला तेव्हा कप्तान म्हणाले, “झालं ते झालं. आता उकरून कशाला काढायचं? म्हातारा विसरलाही असेल.” केमिस्टसाहेब छताकडे बघत होते. मग कुणीतरी सुचवलं की जुळाऱ्यांचा आपण सत्कार करू, ‘प्रदीर्घ सेवेबद्दल’. कारण सांगायलाच नको, त्यांचं ते समजतील. कुणीतरी कसलं, मीच सुचवलं. आमंत्रणाचं पत्रही मीच लिहिलं, छान भाषेत.

आठवड्याने उत्तर आलं, त्या छापल्यासारख्या अक्षरात. ‘सत्कारास मी पात्र नाही. माझ्या हातून झालेल्या चुकीचा शोध अजून चालू आहे. सापडल्यावर कळवीन.’

शोध? मी ते पत्र तीनदा वाचलं. मग छत्री घेतली आणि निघाले. ती नेमकी कशासाठी घेतली कोण जाणे, आभाळ स्वच्छ होतं.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या. दार वहिनींनी, त्यांच्या बायकोने, उघडलं. बराच वेळ माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, “या.” त्याआधी कधीही ‘या बाई’ म्हटल्याशिवाय त्या राहिल्या नव्हत्या. मला स्वयंपाकघरात नेलं, कारण जुळारी तिथेच होते.

खिडकीच्या कठड्यावर, ओट्याच्या कडेला, भिंतीवरच्या दोन फळ्यांवर बाटल्यांची झाकणं मांडलेली. प्रत्येक झाकणात समुद्रावर कुठेही सापडतो तसला साधा शिंपला. प्रत्येकाखाली चिठ्ठी. मी चष्मा लावला. ‘व्हिनेगर, एक थेंब, लगेच धुतले.’ ‘व्हिनेगर, एक थेंब; धुतले नाही.’ ‘फडक्याचा नुसता स्पर्श.’ ‘ओला हात, दहा मिनिटे.’ ‘घामाचा हात.’ ‘साबण नीट न धुतलेला हात.’ प्रत्येकावर तारीख. पहिली तारीख वार्षिक सभेच्या दुसऱ्या दिवशीची होती.

“बसा, बाई,” जुळारी म्हणाले. त्यांनी स्टूल पुढे केलं. खरंच आनंद झाला होता त्यांना. “एकशे त्रेसष्ट झाले. पण तसं पांढरं एकालाही धरत नाही बघा. थेंब टाकला की फसफसतं, खड्डा पडतो, पण ती भुकटी नाही येत. माझी कुठली तरी चूक माझ्या लक्षातच येत नाहीये. तुम्हाला काही आठवतं का, मी कसं पुसायचो ते?”

वहिनींनी माझ्यासमोर चहा ठेवला. मला घोटसुद्धा घेववेना.

मी सांगितलं. सगळं सांगितलं. लाकूड, रबर, आम्ल, शिसं. सांगताना मी नेहमीसारखी वर्गात शिकवल्यासारखी बोलत होते आणि ते मला ऐकू येत होतं, तरी दुसऱ्या कुठल्या आवाजात बोलावं हे सुचेना. शेवटी म्हणाले, “तुम्ही काहीच केलं नव्हतं, जुळारी. आणि तुम्ही मला आधीच सांगितलं होतं.”

ते समोरच्या झाकणांकडे बघत म्हणाले, “हो, शिशाचं म्हणालो होतो खरं.”

“मग नंतर का नाही बोललात? ते पत्र लिहिलं तेव्हा? तेव्हा का नाही म्हणालात की हेच मी सांगत होतो?” मी जवळजवळ ओरडलेच. बघा, तिथेही मला रागवायलाच सुचलं.

“अहो, तुम्ही म्हणालात ना, शिशाचा आणि शिंपल्यांचा काय संबंध. मला पटलं ते. तुम्ही शिकलेल्या. शिवाय तुम्ही वहीत लिहीत होतात तेव्हा मी वाचत होतो समोरून. माझं बोलणं तुम्ही लिहिलं नाहीत. म्हटलं, लिहिण्याजोगं नसेल.”

मी खाली बघत राहिले. फरशीवर एक तडा होता, तो ओट्याखाली गेला होता.

“पहिल्या वर्षी,” मागून वहिनींचा आवाज आला, “मीसुद्धा यांना म्हणाले, लावलं असेल काही तर माझ्यापाशी तरी कबूल करा. मीसुद्धा. हे म्हणाले, शोधतोय.” मग त्या माझ्या समोर आल्या. “तुम्हाला कधी कळलं हे?”

खोटं तोंडावर आलं होतं. कालच, असं म्हणता आलं असतं. “सात आठवडे झाले,” मी म्हणाले.

माझ्यासमोरचा भरलेला कप वहिनींनी उचलला आणि मोरीत ओतला.

पुढच्या वार्षिक सभेत मी सगळं वाचून दाखवलं. जुळाऱ्यांचं ते वाक्य, माझं वाक्य, सगळे हसले ते, मी वहीत काय लिहिलं ते, त्या बाईंना मी ‘नाही’ म्हणाले ते आणि सात आठवडेसुद्धा. संपलं तेव्हा टाळ्या पडल्या. कप्तान उभे राहून म्हणाले, “चूक कबूल करायला केवढं मोठं मन लागतं!” पुन्हा टाळ्या. सत्तर माणसांसमोर त्या माणसाची मान खाली गेली तेव्हा कुणी टाळी वाजवली नव्हती, आणि आता माझ्यासाठी वाजत होत्या. वहिनी तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या, दोन वर्षांपूर्वीच्याच खुर्चीत. टाळ्या सुरू झाल्या तशा त्या उठल्या आणि निघून गेल्या. मी चिटणीसपदाचा राजीनामा दिला. तो नामंजूर झाला, कारण वही लिहायला दुसरं कुणी तयार नव्हतं. इतकी लाज मला त्याआधी वाटली नव्हती.

जुळारी सभेला आले नव्हते. मी दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांना किल्ल्या दिल्या. त्यांनी घेतल्या. “दहा वाजता येतो,” म्हणाले.

आले. जिना चढताना मध्ये दोनदा थांबले. मोरीत गेले. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. मी वाट बघून आत डोकावले तर ते हात धूत होते. धुतले, पुसले, नाकाशी नेऊन हुंगले आणि पुन्हा धुवायला लागले. चौथ्यांदा हुंगले तेव्हा मी तिथून बाजूला झाले.

बाहेर आले तेव्हा मी प्लास्टिकच्या पेटीतून दोनशे चौदा काढून ठेवली होती. शुद्ध पाण्यात धुऊन सुकवलेली. भुकटी गेली होती, चकाकी येणार नव्हती. मी ती दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी वाकून पाहिलं, डावीकडून, उजवीकडून. “खड्डे फार पडले नाहीत,” म्हणाले. मी हात आणखी पुढे केले. त्यांनी आपले हात पाठीमागे नेले.

“घ्या ना,” मी म्हणाले.

“नको. तुम्हीच ठेवा, बाई.”

“अहो, तुमच्या हातांनी काही झालं नव्हतं. सांगितलं ना मी. सगळ्यांसमोर सांगितलं.”

“कळलंय मला. पटलंयही,” ते अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, जणू एखादी हट्टी विद्यार्थिनी त्यांच्यासमोर होती. “पण पुढे होत नाहीत हो हात. दोन वर्षं सवय लावली त्यांना.”

मी खणातून त्यांचा चिमटा काढला. त्याने तरी उचलतील, असं मला वाटलं. त्यांनी तो ओळखला, हसले आणि मलाच म्हणाले, “तुम्हीच धरा. असा नाही, जरा खालून धरा. बोटं सैल.”

गेली तीन वर्षं असंच चालू आहे. ते रोज दहाला येतात, हात धुतात, स्टुलावर बसतात आणि हात मांडीखाली दाबून ठेवतात. मी कपाट उघडते. पुन्हा ते जुनंच पत्र्याचं कपाट, हिरवा रंग दिलेलं. ते नंबर सांगतात, मी उचलते. सुरुवातीला माझ्याकडून तीन फुटले. त्यांनी एका शब्दानेही बोल लावला नाही. “होतं असं,” म्हणाले आणि फुटलेल्याची चिठ्ठी काढून घ्यायला सांगितलं.

परवा शाळेची सहल आली होती. एका मुलीने त्यांना विचारलं, “आजोबा, ती ठिपक्यांची दाखवा ना हातात घेऊन.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कवडी तळहातावर घेऊन मुलीसमोर उभी राहिले आणि आता हिला काय विचारायचं ते मला सुचेना.